आकुर्डीच्या गच्चीवरचे आकडे

अण्णा तळहात आकाशाकडे उघडा धरायचे, दोन-तीन सेकंद थांबायचे आणि म्हणायचे, “गेला. आत्ता एक आरपार गेला.” बसस्टॉपवर, गेट मीटिंगमध्ये, कुणाच्या साखरपुड्यात, कुठंही. कॅन्टीनच्या रांगेत एकदा असाच हात पसरून उभे होते, तर वाढप्यानं मुकाट्यानं त्यावर दोन गरम भजी ठेवली. यांनी ती खाल्ली आणि म्हणाले, “भज्यातूनही जातो.”

आमची कंपनी मुंबई-पुणे रस्त्याला लागून, पिंपरी आणि चिंचवडच्या मधे. नाव सांगत नाही, कारण पुढं जो गाढवपणा सांगायचाय तो माझा आहे, कंपनीचा नाही. ट्रॅक्टरचे गिअर आणि शाफ्ट बनायचे. बनवणारे दुसरे, आम्ही तपासणारे. अण्णा सिनियर इन्स्पेक्टर, मी त्यांच्या हाताखाली. वयानं बारा-चौदा वर्षांनी लहान आणि आळसात कितीतरी पुढं.

शॉपमध्ये त्यांना मागून ‘रिजेक्टराव’ म्हणत आणि तोंडावर ‘अण्णा’. मापाबाहेरचा माल दिसला की खिशातून लाल टॅग काढायचा, सुतळीनं बांधायचा, कारण लिहायचं आणि खाली सही. ऑपरेटर गयावया करायचा, “अण्णा, केसभर जास्त आहे हो फक्त.” हे आवाज न चढवता विचारायचे, “मापात आहे का नाही, एवढंच सांग.” भांडण तिथंच संपायचं, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक असायचं.

ही खोड घरीदारी सारखीच. चिंचवडच्या बाजारात मोशीची एक बाई भाजी घेऊन बसायची. भरल्या वांग्यांसाठी चारही वांगी एका जाडीची हवीत म्हणून यांनी तिच्यासमोर खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. बाई जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आवं दादा, वांगं हाय त्ये. बेरिंग न्हाई.” अण्णांना ते पटलं असावं. त्यांनी व्हर्निअर खिशात घातला, पण चौथं वांगं परत केलंच.

आता माझं सांगतो. आम्ही बाकीचे इन्स्पेक्टर काय करायचो? पन्नास नग तपासायचे असले की पाच मापायचे, आणि उरलेल्या पंचेचाळिसांचे आकडे टेबलावर चहा पिता पिता भरून टाकायचे. कधी थोडं वर, कधी थोडं खाली, सगळं मापात. याला आम्ही ‘टेबल-माप’ म्हणायचो. त्यात माझा हात धरणारा शॉपमध्ये कुणी नव्हता. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानसुद्धा होता. अण्णांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं माझे आकडे स्वच्छ येतात कारण माझा हात स्थिर आहे.

ते आकुर्डीत एका जुन्या गावकरी घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे. ते आणि वहिनी. मूलबाळ नव्हतं. घरमालकीण मावशी खाली. आणि गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली, ती ट्रंक.

लग्नातली असते तशी लोखंडी ट्रंक. आत पुण्याच्या जुन्या बाजारातून गोळा केलेल्या काचेच्या नळ्या, वर-खाली दोन थरांत मांडलेल्या. मधे शिशाच्या पट्ट्या. ट्रकची बॅटरी. आणि रिक्षाच्या मीटरसारखी एक आकड्यांची खिडकी. आकाशातून आलेला कण वरच्या नळीतून आणि खालच्या नळीतून एकदम गेला, तरच खिडकीतला आकडा एकनं पुढं सरकायचा. रोज सकाळी सात वाजता अण्णा आकडा वहीत उतरवायचे, हवेचा दाब लिहायचे, सही करायचे आणि बटण दाबून खिडकी शून्यावर आणायचे. मग पहिल्या शिफ्टला.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला समजावलं. “हे विश्वकिरण. कुठल्या कुठल्या ताऱ्यांच्या पलीकडून येतात. सगळ्या बाजूंनी, चोवीस तास.”

“मग ते मोजून काय करायचं?”

“ते मोजायचे नाहीतच रे. मोजायचाय सूर्य.” आणि मग शॉपमधलं उदाहरण दिलं. आमच्याकडं गिअरवरचा बूर, म्हणजे लोखंडाचा कीस, उडवायला हवेची नळी असायची, कॉम्प्रेसरला जोडलेली. “सूर्य ती नळी धरून बसलाय असं समज. सतत बाहेर वारा सोडतोय. त्या वाऱ्याबरोबर त्याचं चुंबकत्वही बाहेर पसरतं. आपण, मंगळ, गुरू, शनी, सगळे त्याच्या अंगणात. बाहेरनं येणाऱ्या किरणांना हा वारा मागं रेटतो. सूर्यावर डाग वाढले, तो चेकाळला, की वाऱ्याला जोर. मग आपल्याकडं किरण कमी पोचतात. सूर्य निवांत झाला की परत जास्त.”

“म्हणजे तो तापला की तुमचा पाऊस कमी.”

“बरोबर. उलटा हिशेब आहे.” एवढे खूश झाले की वहिनींना दुसऱ्यांदा चहा टाकायला लावला. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “तुम्हाला कळलं का खरंच, का त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालात?” मी म्हटलं, निम्मं कळलं. “माझ्यापेक्षा बरं,” त्या म्हणाल्या, “मी सात वर्षं निम्म्यावरच आहे.”

खालच्या मावशींचं मत वेगळं होतं. त्या गच्चीवर कुरडया घालायला यायच्या. “कसला मेला पाऊस,” त्या म्हणायच्या, “माजं वाळवान भिजत न्हाई आन् ह्यो मोजत बसतोय.” पण गावात कुणी अण्णांना हसलं तर त्याच त्याला झापायच्या.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. अण्णा इंटर सायन्सला होते तेव्हा त्यांचे वडील गेले. कॉलेज सुटलं, डिप्लोमा करून कारखान्यात आले. पण डोक्यातला किडा काही गेला नाही. मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या प्रोफेसरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पोस्टकार्डावर, महिन्या-दोन महिन्यांनी. सात वर्षांच्या वहीत आकडा आधी हळूहळू उतरला होता आणि मग हळूहळू चढला होता, सूर्याचे डाग वाढले-घटले त्याच्या बरोबर उलटा. अण्णांनी त्याचा आलेख काढून पाठवला. प्रोफेसर भले माणूस, त्यांनी सरळ लिहिलं की तुमची चिकाटी मोठी आहे, पण इतका संथ चढउतार नळ्या जुन्या झाल्यानंही येऊ शकतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला की एक-दोन दिवसांत जगभरचे मोजणारे आकडे एकदम खाली येतात आणि मग सावकाश सावरतात. असा एक खड्डा, आमच्या यंत्रात पडला त्याच दिवशी, तुमच्याही वहीत दाखवा. मग तुमची सातही वर्षं आम्ही धरू.

ते पत्र अण्णांनी वहीच्या कव्हराला आतून चिकटवलं. तेव्हापासून ते त्या एका खड्ड्याची वाट बघत होते. सात वर्षं खरी का वाया, हे त्यावर ठरणार होतं. लहानसहान खड्डे एक-दोनदा पडले, पण तेव्हा नेमकी बॅटरी बदललेली असायची. अण्णा स्वतःच शेरा मारायचे, ‘संशयास्पद’.

अशात एका श्रावणात त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, साताऱ्याकडच्या गावी. सात वर्षांत एक दिवस न चुकलेला माणूस. जाणार की नाही यावर दोन दिवस घरात अबोला होता म्हणे. शेवटी वहिनींनी सांगितलं, “सूर्य कुठं जात नाही. सासूबाईंचा डोळा जाईल.” दोघंही निघाले.

यंत्र कुणाकडं सोपवलं? माझ्याकडं. स्थिर हाताचा ना मी. सोळा सूचनांचा कागद दिला. अकरावी सूचना: ट्रंकेवर काही ठेवू नये. सोळावी: अकरावी पुन्हा वाचावी.

मी तेव्हा चिंचवड स्टेशनजवळ राहायचो. सकाळी साडेसहाला सायकल मारत आकुर्डीला जायचो. पहिले दोन दिवस झकास. एकेचाळीस हजार आणि वर थोडे. रोजचा आकडा तोच असायचा, शे-दोनशे इकडं तिकडं. मी आकडा लिहिला, दाब लिहिला, सही केली, बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता म्हणून रेनकोट काढला आणि, मंडळी, ट्रंकेवर टाकला. दोन मिनिटं. फार तर तीन.

तिसऱ्या सकाळी खिडकीत आकडा होता एकोणचाळीस हजार तीनशे बारा.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचला. रेनकोटाचं पाणी आत गेलं, नळी फुटली, सात वर्षांचं यंत्र मी तीन मिनिटांत खलास केलं. झाकण उघडून बघायची हिंमत नव्हती; चौथी सूचना होती, झाकण उघडू नये. बॅटरी ठीक होती. तारा ठीक होत्या. आणि समोर वही उघडी. अण्णा परत येऊन हा आकडा वाचणार आणि विचारणार, काय केलंस?

माझ्या हाताला सवयीचं काम आठवलं. मी लिहिलं एकेचाळीस हजार बेचाळीस. शाईनं. सही केली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, यंत्र वाळलं असेल. खिडकीत अडतीस हजार नऊशे चाळीस. आणखी खाली. मी लिहिलं चाळीस हजार नऊशे ऐंशी. थोडं खालचं घेतलं, संशय नको म्हणून. त्यानंतरचे तीन दिवस मी खिडकीत बघितलंच नाही. जिना चढायचो, मान दुसरीकडं करून बटण दाबायचो, आणि वहीत आकडा भरायचो. मावशी छपराखाली धुणं वाळत घालता घालता बघत होत्या. “आरं, त्ये यंत्र लाजतंय व्हय तुला?” असं त्यांनी विचारलंसुद्धा.

आठव्या दिवशी, अण्णा यायच्या सकाळी, हिंमत करून बघितलं. चाळीस हजार सातशे. यंत्र आपोआप बरं झालं होतं. मी तसाच सायकलवर चिंचवडच्या गणपतीला गेलो आणि नारळ फोडला. ट्रंकेसाठी देवाला नारळ फोडणारा मी पहिलाच असेन.

अण्णा आले, वही चाळली, माझ्या पाठीवर हात ठेवला. “छान. सगळं मापात.” साताऱ्याचे कंदी पेढे दिले. ते मी खाल्ले, हेही लिहून ठेवतो.

पंधरा दिवसांनी प्रोफेसरांचं पत्र आलं. अण्णा ते घेऊन थेट शॉपमध्ये, माझ्या टेबलाशी. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता. जगभरचे आकडे धाडकन खाली आले होते. आमच्याकडंही मोठा खड्डा आहे, तुमचे या पाच दिवसांचे आकडे ताबडतोब कळवा. पाच तारखा दिल्या होत्या. त्या माझ्या पाच तारखा होत्या.

“मी गावाला होतो नेमका,” अण्णा म्हणाले. “पण तू होतास. वही बघितली मी. एक रेघ हलली नाही रे.” मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. ते माझ्यावर चिडले नव्हतेच. ते जाऊन आपल्या जागेवर बसले. त्या दुपारी एका ऑपरेटरनं शाफ्टची पेटी आणून ठेवली, तर त्यांनी न मापता पास केली. ऑपरेटर घाबरून माझ्याकडं आला, “अण्णांना बरं नाही का?”

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही सांगताय की मी जाऊन सांगू?” दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिनं आग्रहही केला नाही.

गुरुवारी, म्हणजे आमच्याकडं सुट्टीच्या वारी, आकुर्डीला गेलो. अण्णा गच्चीवर स्टूल टाकून बसले होते. ट्रंकेच्या कडीला लाल टॅग बांधलेला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात: ‘रिजेक्ट. कारण: वादळ दिसले नाही.’ खाली सही. मांडीवर प्रोफेसरांना लिहायला घेतलेलं पत्र होतं. मी वरनं वाचलं. ‘माझे यंत्र सदोष असल्याचे सिद्ध झाले आहे. सात वर्षांच्या सर्व नोंदी रद्द समजाव्यात.’

“अण्णा, ते पाच आकडे माझे आहेत,” मी म्हटलं. “यंत्राचे नाहीत.”

रेनकोटापासून नारळापर्यंत सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुढचं सांगता आलं नसतं. ते माझ्याकडं बघत नव्हते, ट्रंकेकडं बघत होते. आता कानाखाली बसते, असं मला वाटलं आणि बसली असती तर बरंच झालं असतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“काय किती?”

“पहिल्या दिवशी. खिडकीत खरा आकडा किती होता?”

“एकोणचाळीस हजार तीनशे बारा.” तो मला पाठ होता. भीतीनं वाचलेलं विसरत नाही माणूस.

“शंभरात चार,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी?”

“अडतीस हजार नऊशे चाळीस.”

“शंभरात पाच. अजून खाली गेला.” ते उठले आणि ट्रंकेवर हात ठेवला. “म्हणजे यानं बघितलं. अगं ए, यानं बघितलं होतं.” हे वहिनींना, जिन्यातून खाली ओरडून. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. “आणि रेनकोटानं विश्वकिरण अडत नाहीत रे, मूर्खा. तिसऱ्या दिवशी?”

“बघितलं नाही.”

“चौथ्या?”

“बटण दाबलं फक्त. न बघता.”

“बरं,” ते म्हणाले. मग त्यांनी वही घेतली आणि माझ्या पाचही ओळींवर लाल शाईनं रेघ मारली. समोर लिहिलं, ‘तपासणी झाली नाही.’

“अण्णा, ते दोन आकडे तरी लिहा. खरे आहेत. आईशप्पथ.”

“मला खरे आहेत. वहीला नाहीत. तेव्हाच लिहिले नाहीत ते आता आठवून लिहायचे, हे कसं चालेल?”

“मग प्रोफेसर काय म्हणतील?”

“म्हणतील, नेमके तेच पाच दिवस कसे नाहीत?” त्यांनी पत्र फाडलं आणि ट्रंकेवरचा लाल टॅग सोडला. तो माझ्या शर्टाच्या वरच्या गुंडीला बांधला, घट्ट गाठ मारून, आणि पेन माझ्या हातात दिलं. “कारण तू लिही.” मी लिहिलं. काय लिहिलं ते माझ्याजवळ राहू द्या. मावशींनी तसाच टॅग लटकवून मला चहा प्यायला बसवलं.

प्रोफेसरांचं उत्तर अपेक्षेप्रमाणं आलं, अगदी सौजन्यानं. त्या पाच दिवसांशिवाय काही म्हणता येत नाही. पुढच्या वादळाची वाट पाहू. अण्णा निवृत्त होईपर्यंत वाट बघत राहिले. तेवढं मोठं पुन्हा काही आलं नाही. मी टेबल-माप सोडलं. हे सांगण्यासारखं आहे असं नाही, सोडायलाच हवं होतं.

पण एक झालं. अण्णांना त्या दोन आकड्यांचं व्यसन लागलं. वहीत लिहिणार नाहीत, पण माझ्या तोंडून ऐकायचे. कुणी पाहुणा गच्चीवर आला की मला बोलावणं. “इन्स्पेक्टर, सांग यांना.” मी शाळेत पाढे म्हणावेत तसे दोन्ही आकडे म्हणायचो. निवृत्तीच्या समारंभात हारतुरे झाले, जनरल मॅनेजर बोलले, आणि अण्णांनी भाषणाऐवजी मला स्टेजवर बोलावलं. तीनशे माणसांसमोर मी माइकमध्ये म्हटलं, “एकोणचाळीस हजार तीनशे बारा. अडतीस हजार नऊशे चाळीस.” अण्णांनी टाळ्या वाजवल्या. तीनशे माणसांनी त्यांचं बघून वाजवल्या. बऱ्याच जणांना वाटलं तो त्यांनी रिजेक्ट केलेल्या मालाचा आकडा आहे.

तिसऱ्या दिवसाबद्दल त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. त्या गुरुवारनंतर एकदाही नाही.

मग ते गावी गेले. ऐंशी साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात कळलं की अण्णा गेले. चौदाव्याला मी साताऱ्याकडं गेलो. ट्रंक पडवीत होती, बॅटरी काढलेली. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

“शेवटच्या आठवड्यात दोनदा तुमची आठवण काढली,” त्या म्हणाल्या. “ते आकडे ऐकायचे होते. मला काही सांगता येईनात. इतकी वर्षं कानावर पडत होते आणि मी कधी लक्षच दिलं नाही हो. आता तरी लिहून घेते. सांगा.” त्यांनी कॅलेंडरचा कागद उलटा करून पेन्सिल घेतली.

मी सांगितलं. त्यांनी सावकाश, एकाखाली एक लिहिलं. मग त्याच्याखाली पेन्सिल टेकवून थांबल्या.

“आणि तिसऱ्या दिवशी?”

“बघितलं नव्हतं, वहिनी.”

त्या कागदाकडंच बघत होत्या. “बघायचं होतं हो,” त्या म्हणाल्या.